एचआर (हॉट रोल्ड, गरम लाटलेला) आणि सीआर (कोल्ड रोल्ड, थंड लाटलेला) पत्र्यात फरक काय? सीआर जास्त मजबूत असतो का?

मशीनच्या झाकणासाठी कुठला पत्रा घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. सीआर 'थंड लाटलेला' म्हणून जास्त मजबूत, हा समज मात्र आधी काढून टाका. सीआर हा मुळात एचआरच असतो, पुढचे संस्कार झालेला.

स्लॅब, म्हणजे पोलादाची जाड लादी, सुमारे १२०० अंशांपर्यंत तापवून रोलमधून काढतात. लाटताना पोलाद रुंदीला फारसं वाढत नाही, लांबतं. २५० मिमी जाड, १० मीटर लांब स्लॅब २.५ मिमीवर आणला की जवळजवळ एक किलोमीटर पत्रा होतो! भट्टीतून निघालेल्या स्लॅबवर ऑक्साइडची जाड साय धरलेली असते. जोरदार दाबाच्या पाण्याने ती उडवतात. पण गुंडाळतानाही पत्रा गरमच असतो, त्यामुळे पुन्हा पातळ साय धरते. एचआरचा निळसर काळा रंग तो हाच. आम्ही त्याला स्केल म्हणतो.

सीआरसाठी पत्र्याची ही गुंडाळी (कॉइल) आम्लातून काढून स्केल घालवतात (पिकलिंग) आणि न तापवता लाटतात. थंड म्हणायचं एवढंच; रोलमधून निघालेल्या पत्र्याला हात लावलात तर चटका बसेल.

खरी गंमत इथे आहे. गरम लाटणीत दबलेले पोलादाचे कण लगेच नव्याने घडतात, थंड लाटणीत दबलेलेच राहतात. तार एकाच जागी वाकवत राहिलं की ती ताठरते आणि शेवटी तुटते, तसंच. असा 'फुल हार्ड' पत्रा एचआरपेक्षा नक्कीच मजबूत, पण घडी घालताना चिरतो. म्हणून बहुतेक कॉइल ७०० अंशांच्या आसपास तापवून मऊ करतात (अ‍ॅनिलिंग), आणि कमावलेली मजबुती तिथेच जाते. मग स्किन पास, म्हणजे जाडी जेमतेम टक्काभर कमी करणारी हलकी लाटणी. ती टाळली तर प्रेसमध्ये पत्र्यावर रेघा उमटतात, रंगाखालूनही दिसतात.

तेव्हा सीआरचे जास्तीचे पैसे पडतात ते गुळगुळीत पृष्ठभागाचे आणि नेमक्या जाडीचे. झाकणाला सीआर घ्या. खालच्या सांगाड्याला एचआर चालेल, फक्त स्केल घासून काढा. मी एकदा आळस करून तसाच रंग मारला होता; काही महिन्यांत रंग स्केलसकट पापुद्रे धरून सुटला.