एनईएसमध्ये रेझिस्टर टाकला की ते ‘ओरिजिनल’ राहत नाही का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. अमेरिकन एनईएसवर, म्हणजे निन्टेंडोच्या जुन्या गेम कन्सोलवर, जपानी ‘अकुमाजो देन्सेत्सु’ या गेमची कॅसेट लावली की संगीत अर्धवट येतं, त्याला कुठला रेझिस्टर (वीजप्रवाह रोखणारा छोटा भाग) लावायचा; आणि मित्र म्हणतो तसं मशीनचं ओरिजिनलपण त्यामुळे जातं का.

पहिल्याचं उत्तर: ४७ किलोओहम, मशीनच्या तळाच्या एक्स्पान्शन पोर्टच्या (जादा उपकरणं जोडायच्या खाचेच्या) पिन ३ आणि पिन ९ मध्ये. दुसऱ्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण तुमच्या मित्राचं वाक्य मी माझ्या मावसभावाच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकतोय.

दादा न्यू जर्सीला असतो, जुन्या कन्सोलचा मोठा संग्रह आहे. त्याने हीच कॅसेट, १९८९ची अस्सल जपानी, जपानी ६० पिनांची कॅसेट अमेरिकन ७२ पिनांच्या मशीनमध्ये बसवणारा अडॅप्टर लावून मला कौतुकाने ऐकवली. पहिल्या लेव्हलचं संगीत पार पोकळ. मी म्हटलं, “दादा, यातले तीन चॅनल, म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन वेगळे स्वर, गायब आहेत.” तर म्हणे, “अमेरिकन मशीनचा आवाज असाच असतो.”

साफ चूक. अमेरिकेत १९९० साली हाच गेम ‘कॅसलव्हेनिया ३’ म्हणून आला, तेव्हा संगीत कन्सोलच्या पाच चॅनलमध्ये बसेल असं नव्याने बांधलं होतं. ते ऐकायला पूर्ण वाटतं. जपानी कॅसेटमध्ये मात्र कोनामीची व्हीआरसी६ चिप आहे, तिचे दोन पल्स आणि एक सॉटूथ (हे ध्वनिलहरींचे प्रकार) चॅनल वेगळे. फॅमिकॉममध्ये, म्हणजे याच कन्सोलच्या जपानी आवृत्तीत, कन्सोलचा आवाज पिन ४५ने कॅसेटमध्ये जातो, चिपच्या आवाजात मिसळतो आणि ४६ने परत येतो. एनईएसच्या ७२ पिनांमध्ये ही वाटच नाही. दादा जे ऐकत होता ते ना जपानी होतं, ना अमेरिकन.

पण निन्टेंडोने कॅसेटच्या दहा पिना थेट तळाच्या पोर्टपर्यंत नेल्या, त्यातली एक, ५४वी, तिथे पिन ९ला निघते. आणि पिन ३वरून बाहेरचा आवाज आत घ्यायची सोयही ठेवली. दोन्ही टोकं कारखान्यातूनच आलेली आहेत. त्या पोर्टसाठी कंपनीने पुढे काही विकलं नाही, एवढंच. दादाचं म्हणणं, “कंपनीने जोडलं नाही ना, मग आपण जोडायचं नाही.”

शेवटी त्याच्याकडच्या पिवळ्या पडलेल्या जादा मशीनवर सोल्डरिंग करू दिलं. पहिली लेव्हल त्याने दोनदा ऐकली आणि म्हणाला, “छान आहे, पण हा एनईएस नाही.” मला ते अजून पटत नाही. संगीतकाराने लिहिलेले तीन चॅनल गाळून ऐकायचे आणि त्याला जतन म्हणायचं? ते फक्त डब्याचं जतन झालं. रेझिस्टर काढला की मशीन पूर्ववत होतं, आणि नेहमीच्या अमेरिकन कॅसेट ती पिन वापरतच नाहीत, त्यामुळे त्यांचा आवाज बदलत नाही. मित्राला हे ऐकवाच.

थोडं राहिलं. ४७ किलोओहमने चिपचा आवाज कमी-जास्त वाटला तर त्याऐवजी १०० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर (फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर) लावा आणि कानाने जुळवा. अस्सल जपानी कॅसेट लावणार असाल तर अडॅप्टर आधी तपासा: जुन्या अडॅप्टरमध्ये बऱ्याचदा आवाजाची तार नसते, ६० पिनांच्या बाजूच्या ४६वरून ७२च्या बाजूच्या ५४वर ती स्वतः ओढावी लागते. आणि तुमचं मशीन १९९३चं, वरून कॅसेट घालायचं असेल, तर त्याला तळाचा पोर्टच नाही. तिथे ५४वरून थेट ऑडिओ सर्किटपर्यंत तार न्यावी लागेल.