भाव सोडण्याआधी मीटर बघ

अरे, काल तुझा फोन आला तेव्हा मी गाडी चालवत होतो, म्हणून आता निवांत लिहितोय. आपल्या ड्राइव्हवाल्या कंप्रेसरचा (हवा कमी लागली की मोटरचा वेग आपोआप कमी करणारा) भाव ऐकून त्या वर्कशॉपच्या शेठनी "फायनल किती?" विचारलं आणि तू लगेच ५ टक्के सोडलेस, मग अजून ३, आणि त्यानंतर आरओआयची, म्हणजे घातलेल्या पैशावर वर्षाला किती टक्के सुटतात त्याची, स्लाइड काढलीस. भाव पाडून झाल्यावर हिशोब दाखवला की तो सारवासारव वाटतो रे. हिशोब आधी, कोटेशन नंतर.

आणि ती स्लाइड फेकून दे. "३५ टक्के बचत" हे आपल्या ब्रोशरचं वाक्य आहे, त्यांच्या वर्कशॉपचं नाही. जुन्या कंप्रेसरच्या कंट्रोलरवर रनिंग अवर्स (एकूण चाललेले तास) आणि लोड अवर्स (त्यातले प्रत्यक्ष हवा दिलेले तास) दोन्ही दिसतात, त्याचा फोटो काढ. समज ३७ किलोवॅटचं मशीन वर्षाला ६,००० तास चालतं आणि त्यातले २,४०० तास अनलोड, म्हणजे हवा न देता नुसतं फिरतंय, तरी साधारण ३० टक्के वीज खातंय, ११ किलोवॅट धर. झाले २६,४०० युनिट. ८ रुपयांनी २ लाख ११ हजार. हा आकडा शेठना स्वतःच्या कॅल्क्युलेटरवर काढू दे, तू फक्त बाजूला उभा राहा, स्वतः काढलेल्या आकड्याशी माणूस घासाघीस करत नाही.

आता यातलं सगळं वाचेल असं म्हणू नकोस, ड्राइव्हचा स्वतःचा लॉस असतो, दीड लाखच धर. साध्या मशीनपेक्षा आपलं ३ लाखांनी महाग असेल तर दोन वर्षं. "आरओआय ५० टक्के" म्हणालास तर ते नुसती मान हलवतील, "चोवीस महिन्यांत जादाचे पैसे सुटतात" म्हटलं की लगेच कळतं, कारण ते हप्त्याच्याच भाषेत विचार करतात. युनिटचा रेट धरताना महावितरणच्या बिलातला एनर्जी चार्ज धर, पूर्ण बिल भागिले युनिट नको, कारण युनिट वाचले म्हणून डिमांड चार्ज, म्हणजे कमाल मागणीवर लागणारा आकार, त्या प्रमाणात उतरत नाही. मशीनच्या किमतीतला जीएसटी पण बाहेर ठेव, क्रेडिट मिळतंच त्यांना.

मी स्वतः हे शिकलो ते शिव्या खाऊन. एका ठिकाणी मशीन जवळजवळ पूर्ण लोडवर चालायचं, मी मीटर न बघता ड्राइव्हवालं गळ्यात मारलं, सहा महिन्यांनी मालकांनी बिलं टेबलावर आपटली. तिथे बचत होणारच नव्हती! त्यामुळे लोड अवर्स ९०-९५ टक्के दिसले तर सरळ सांग, शेठ, तुम्हाला हे नको, साधं घ्या, आणि आधी हवेच्या लाइनमधले लीकेज बंद करा.

गुरुवारी परत जाशील तेव्हा डिस्काउंटचा विषय तू काढू नकोस. बारा महिन्यांची बिलं माग, कंट्रोलरचा फोटो मला व्हॉट्सअॅप कर, मग आपण बसून आकडे लावू.