जाडी ‘मोजतात’ की ‘मापतात’?

अंबाजोगाईच्या एका विज्ञानशिक्षिकेने शाळेच्या भित्तिपत्रकावर ‘क्ष-किरणांनी इंधनगोळीतील बर्फाची जाडी मोजतात’ असे लिहिले, तेव्हा एका सहकाऱ्याने ‘मोजतात ती संख्या, जाडी मापतात’ अशी दुरुस्ती सुचवली. ती स्वीकारावी काय, अशी बाईंची विचारणा आहे.

माझ्या मते स्वीकारू नये. बांधावरून वाद झाला की आपल्याकडे शेताची ‘मोजणी’ आणतात, आणि तिथे काही ढेकळे मोजायची नसतात. ताप, उंची, रक्तदाब हेही आपण मोजतोच. उलट मोंढ्यात मापाडी असतो, जुनी माणसे पायलीने ज्वारी मापत आणि शिंपी माप घेतो. म्हणजे बोलीत ‘माप’ हे बहुधा ठरलेल्या भांड्याला किंवा पट्टीला धरून राहिले आहे.

इथे तर पट्टी लावण्याची सोयच नाही. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत ५ डिसेंबर २०२२ रोजी १९२ लेझर झोतांची २.०५ मेगाज्यूल ऊर्जा एका लक्ष्यावर सोडून अणुकेंद्रांच्या संमीलनातून ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा मिळवली गेली. त्या लक्ष्यातील इंधनाची गोळी मोहरीच्या टपोऱ्या दाण्याएवढी, सुमारे दोन मिलिमीटर व्यासाची होती; तिचे कवच हिऱ्याचे आणि आत ड्यूटेरियम व ट्रिटियम हे हायड्रोजनचे प्रकार गोठवून केलेला, केसाच्या जाडीचा बर्फाचा थर. असा थर उणे २५० अंश सेल्सिअसच्याही खाली टिकवावा लागतो आणि तो सगळीकडे सारख्या जाडीचा नसेल, तर गोळी एकसारखी दबत नाही. हाडाप्रमाणे त्याची सावली पडत नाही, कारण हायड्रोजनची ही भावंडे क्ष-किरण फारसे शोषतच नाहीत. मात्र बर्फ जिथे संपतो त्या कडेशी किरण किंचित वळतात आणि चित्रात उजळ-काळ्या रेघेचे बारीक कडे उमटते. कवचाच्या कडेपासून हे कडे चित्रातील किती ठिपके आत आहे, हे गोलाभोवती सर्व बाजूंनी पाहून जाडी काढतात. ठिपके मोजायचेच असतात, तेव्हा सहकाऱ्यांच्या नियमानेही बाईंचे क्रियापद शाबूत राहते!

भित्तिपत्रकाच्या शीर्षकात ‘मापन’ ही संज्ञा खुशाल ठेवावी. ती शास्त्रीय लेखनात रुळलेली आहे. मला खटकते ती ‘गोळी’. गोळी झाडतात, इथे गोळी ज्यात बसवली आहे त्या लक्ष्यावरच झोत झाडले जातात. ‘इंधनगुटिका’ म्हटले तर हा घोळ टळेल, आणि ‘लक्ष्य’ हा शब्द गुटिकेसह तिच्याभोवतीच्या नळकांड्यासाठी, म्हणजे सबंध जुळणीसाठी, मोकळा राहील.