शाळेचा जीपीए ४.३ आणि होप स्कॉलरशिपचा ३.६०, खरा कुठला?

ताई, साइट चुकलेली नाही आणि शाळाही चुकलेली नाही. अकरावी संपताना लेकीच्या शाळेच्या पोर्टलवर वेटेड जीपीए (अवघड विषयांना जादा गुण धरून काढलेली सरासरी) ४.३ आहे, जीए फ्यूचर्स या राज्याच्या साइटवर मात्र होप जीपीए ३.६०, आणि झेल मिलर स्कॉलरशिपला ३.७० लागतो म्हणून बारावीचं एपी (कॉलेजच्या पातळीचं) फिजिक्स सोडायचं का, असा तुमचा प्रश्न. आमच्या थोरल्याच्या वेळी मला हा फरक बारावीच्या फेब्रुवारीत कळला होता. तुम्ही बऱ्याच आधी विचारताय.

इथे अमेरिकेत एकच एक जीपीए नसतो. जो पैसे देतो तो स्वतः मोजतो. होप आणि झेल मिलर ही जॉर्जिया राज्याची कॉलेज स्कॉलरशिपची योजना, १९९३ पासून लॉटरीच्या पैशावर चालते. शाळा राज्याला मार्क पाठवते आणि राज्य ते आपल्या पद्धतीने पुन्हा मोजतं. त्यात फक्त इंग्रजी, गणित, सायन्स, सोशल स्टडीज आणि परभाषा. बँड, आर्ट, पीई यांतले हुकमी ए तिथे गळून पडतात. मग शाळेने दिलेले जादा गुण काढून टाकतात. समजा एपी केमिस्ट्रीत तिला ८६ मिळाले आणि शाळेने ७ वाढवून ९३ दाखवले. पोर्टलवर तो ए. होपसाठी मात्र ८६ म्हणजे बी, म्हणजे ३.०. त्यात एपी म्हणून राज्य स्वतःचा अर्धा पॉइंट घालतं, झाले ३.५. ऑनर्सच्या (साध्यापेक्षा अवघड, पण एपी नसलेल्या) वर्गाला तो अर्धाही नाही. आणि ए आला तर ४ वर काही नाही, मग तो एपीतला असो की साध्या वर्गातला. म्हणजे होपमध्ये ४.३ कुणाचाच होऊ शकत नाही.

आपल्याला टक्केवारीची सवय, त्यामुळे आणखी एक गोष्ट पचायला जड जाते. ९० आणि १०० दोन्ही ४. ८९ आणि ८० दोन्ही ३. आपण पोराला ९६ वरून ९८ वर न्यायला धडपडतो, आणि खरी गळती ८८ वाल्या विषयात होत असते. (माझ्या नवऱ्याला हे अजूनही अन्याय वाटतं. ते बोर्डाच्या मेरिट लिस्टच्या काळातले आहेत.)

आता तुमचं गणित. वर्षाला पाच कोअर विषय धरले तर तीन वर्षांचे पंधरा झाले, सरासरी ३.६०, बेरीज ५४. बारावीचे पाच धरून वीस विषयांना ३.७० हवा, म्हणजे बेरीज ७४. राहिले २०, पाच विषयांत. सगळे ए, दोन्ही सेमिस्टर. एकही बी चालणार नाही, एपीतला ३.५ वाला बीसुद्धा. आणि हा हिशेब बारावी पूर्ण होतानाच्या अंतिम मार्कांवर होतो, त्यामुळे 'नोव्हेंबरात कॉलेजचे अर्ज गेले, आता काय' हे इथे लागू नाही.

पण थांबा. झेलसाठी जीव काढण्याआधी विचारा की त्यात जास्तीचं काय मिळतं? पूर्वी फरक मोठा होता. २०११ मध्ये होपची रक्कम कमी केली आणि पूर्ण ट्यूशन (कॉलेजची शिकवण्याची फी) फक्त झेलवाल्यांना उरली. २०२३-२४ पासून सरकारी कॉलेजांत होपही पूर्ण ट्यूशन देतं आहे. राहणं, जेवण, इतर फी दोन्हींत आपल्याच माथी. होपला लागतो ३.०, आणि तो तिच्याकडे आहे. म्हणजे झेल गेलं तरी घरावर आभाळ कोसळत नाही. उलट खरी पडझड कॉलेजात होते. होप टिकवायला तिथे ३.० लागतो आणि ३०, ६०, ९० क्रेडिट तासांना तपासणी होते. आमच्या ओळखीतली दोन मुलं पहिल्याच तपासणीत घसरली. दोघांचेही शाळेतले आकडे चारच्या वर होते. झेलला कॉलेजात ३.३ हवा आणि प्रवेशावेळी एका बैठकीत एसएटी या प्रवेशपरीक्षेत १२००, तेही लक्षात ठेवा.

विद्यापीठं स्वतःच्या खिशातून देतात ती मेरिट स्कॉलरशिप वेगळी. शेजारचं अलाबामा विद्यापीठ परराज्यातल्या मुलांसाठी जीपीए आणि परीक्षेचा स्कोअर यांचा तक्ताच लावतं, बसलात त्यात की रक्कम ठरली. अ‍ॅरिझोनात फक्त कोअर विषयांचा, वेट न लावलेला जीपीए बघतात. याउलट जॉर्जिया टेकची स्टॅम्प्स स्कॉलरशिप किंवा यूजीएची (जॉर्जिया विद्यापीठाची) फाउंडेशन फेलोशिप केवळ आकड्यावर मिळत नाही, तिथे अर्ज, निबंध, मुलाखत. आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येल वगैरे) मेरिट स्कॉलरशिप हा प्रकारच नाही, फक्त गरजेवर. खासगी कॉलेज 'तुमच्या गुणवत्तेसाठी वर्षाला वीस हजार' असं पत्र पाठवतं तेव्हा ते बरंचसं दुकानातलं डिस्काउंट असतं. छापील किंमत भरणारे तिथे थोडेच असतात. पत्राने हुरळून जाऊ नका, सवलत वजा करून उरलेला आकडा बघा. आणि कॉलेजच्या कॉमन डेटा सेटमध्ये (कॉलेज स्वतः जाहीर करतं त्या आकडेवारीत) एच विभाग वाचा. गरज नसलेल्या किती मुलांना मेरिट मिळालं आणि सरासरी किती, हे तिथे असतं.

एक महत्त्वाचं, तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून विचारते. होप आणि झेल नागरिकांना किंवा ग्रीन कार्डसारखा पात्र दर्जा असणाऱ्यांनाच मिळतं. लेक एच-४ वर (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून) असेल तर वरचं गणित सोडून द्या आणि कोणती विद्यापीठं व्हिसावरच्या मुलांना मेरिट देतात ते आधी शोधा.

फिजिक्सचं म्हणाल तर, इंजिनिअरिंगला जायचं असेल तर ठेवू दे. टेक आणि यूजीए दोघंही बघतात की मुलीने शाळेतले अवघड विषय घेतले की टाळले. इंजिनिअरिंग नको असेल आणि शिक्षकांविषयी वरच्या वर्गातल्या मुलांचं मत वाईट असेल तर खुशाल सोडा, पण ०.१० साठी नको. आणि आज संध्याकाळी जीए फ्यूचर्सवर तिचे सगळे विषय एकदा नीट जुळवून बघा. आमच्याकडे एक विषय चुकीच्या कोडने गेला होता. शाळेच्या काउन्सेलरला ईमेल केली, दुरुस्त व्हायला तीन आठवडे लागले.