रोजचं व्याज

चि.,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं आणि दोनदा वाचलं. पहिले चार महिने कर्जाच्या हप्त्यापेक्षा जास्त भरलेस, मग मन उडालं, खर्चाचा हातही पुन्हा सैल झाला, असं लिहिलं आहेस. त्याखाली एक ओळ आहे, "माझ्यात जिद्दच नाही, ताई." ती ओळ मला मान्य नाही. तिच्यासाठीच हे उत्तर लिहायला बसले आहे.

चौथ्या-पाचव्या महिन्यात मन उडणं हा स्वभावाचा दोष नव्हे. सुरुवातीला निश्चय ताजा असतो. शेवट दिसू लागला की पावलं आपोआप उचलतात. मधला पल्लाच रुक्ष असतो. पगार येतो, पैसे भरतोस आणि हातात काहीच येत नाही. ज्या वस्तूसाठी कर्ज काढलं ती जुनी झाली, तिचं अप्रूप संपलं, हप्ता मात्र दर महिन्याला नवा. दर वेळी तू उरलेली मोठी रक्कम पाहतोस, ती जागची हललीच नाही असं वाटतं आणि खचतोस. मला वाटतं, तू चुकीच्या आकड्याकडे पाहतो आहेस.

मी सांगते तो आकडा काढ. समजा १,००,००० थकले आहेत आणि व्याज महिन्याला ३ टक्के आहे. महिन्याचं व्याज झालं ३,०००, म्हणजे रोजचे १००. तू कामावर असलास काय आणि झोपलेला असलास काय, रोज १०० जातातच. हे कळलं की पोटात गोळा येतो, येऊ दे. आता दुसरी बाजू बघ. मुद्दलातले १०,००० फेडलेस की दुसऱ्या दिवसापासून रोजचे १०० न जाता ९० जातात. एक लाखाचे नव्वद हजार झाले हे मनाला फारसं जाणवत नाही. शंभराचे नव्वद झाले हे जाणवतं, कारण आपण खर्च करतो तेही रोजच्याच मापाने. तुझी सगळी कर्जं मिळून रोजचं व्याज किती जातं, तेवढं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिही. यापुढे तोच आकडा उतरवायचा आहे.

तो काढायचा तर आधी सगळी देणी एका जागी मांडावी लागतील. कोणाचं, किती, कोणत्या दराने आणि हप्ता कोणत्या तारखेला. हे काम किती जड असतं ते मला माहीत आहे. तुझ्या वयाची असताना माझ्या अंगावर पाच ठिकाणचं देणं होतं. पत्रं येत, ती मी न उघडता कपाटाच्या खणात टाकत असे. असे सात महिने गेले. शेवटी ऑफिसातल्या एक ज्येष्ठ बाई एका रविवारी घरी आल्या, समोर बसल्या आणि एकेक पाकीट मला उघडायला लावलं. बेरीज माझ्या अंदाजापेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने जास्त निघाली, कारण एका सहकाऱ्याकडून उसने घेतलेले आणि बहिणीने दिलेले पैसे मी कर्जात धरलेच नव्हते. बहीण व्याज घेत नव्हती हे खरं, पण मी तिचे फोन टाळायला लागले होते. तुझ्या यादीत अशी देणीही येऊ देत. त्या बाईंनी मला एक शब्दही ऐकवला नाही. त्यानंतर दर पहिल्या तारखेला "आता किती?" एवढंच विचारायच्या. मी टिकले ती त्या विचारण्यामुळे.

आता तुझ्या क्रेडिट कार्डाविषयी. 'किमान देय रक्कम' भरतोय, म्हणजे निदान मागे तरी पडत नाहीये, असं तू लिहिलं आहेस. इथे मला तुला थांबवायचं आहे. वरचंच उदाहरण घे. पहिल्या महिन्यात व्याज धरून १,०३,००० होतात. किमान रक्कम त्याच्या ५ टक्के धरली, तर ५,१५० भरायचे. पुढच्या महिन्यात थकबाकी जराशी उतरते, म्हणून किमान रक्कमही जराशी उतरते, आणि आपल्याला वाटतं की ओझं हलकं होतंय. या वाटेने गेलास तर ३२ महिन्यांनी, सुमारे १,२०,००० भरून झाल्यावरही, निम्मं कर्ज शिल्लक असेल. आता एवढाच बदल कर. पहिल्या महिन्यात जे ५,१५० भरलेस तेच दर महिन्याला भरत राहा, मागितलेली रक्कम उतरली तरी तू उतरू नकोस. कार्डावर नवी खरेदी केली नाहीस, तर तिसाव्या महिन्यात कर्ज संपतं आणि एकूण सुमारे १,५२,००० जातात. पहिल्या महिन्यात खिशातून गेलेली रक्कम दोन्ही वाटांवर तीच होती. एका वाटेवर अडीच वर्षांत सुटका आणि दुसऱ्या वाटेवर त्याहून जास्त काळ जाऊनही अर्धं देणं बाकी, हा फरक नुसता रक्कम कायम ठेवल्याने पडतो. हा हिशेब मला फार उशिरा कळला. तुला आज कळावा म्हणून एवढा विस्ताराने लिहिला.

कोणतं कर्ज आधी फेडायचं, हे तू विचारलं आहेस. गणित सांगतं, ज्याचं व्याज सर्वांत जास्त ते आधी, आणि गणित बरोबरच आहे. पण डेव्हिड गॅल आणि ब्लेक मॅकशेन या संशोधकांनी कर्जातून बाहेर पडू पाहणाऱ्या हजारो लोकांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये वेगळं काही दाखवलं. ज्यांनी एकेक खातं पुरतं बंद करत नेलं, ते सगळ्या कर्जातून मोकळे होण्याची शक्यता जास्त होती, मग बंद केलेल्या खात्यातली रक्कम छोटी का असेना. म्हणून माझं मत असं आहे. व्याजदरांत थोडाच फरक असेल, तर सर्वांत छोटं कर्ज आधी मिटव. एकाचा दर वर्षाला ३६ आणि दुसऱ्याचा १२ असेल, तर मात्र मनाचे लाड करू नकोस, ३६ वाल्याच्या मागे लाग. तू पत्रात लिहिलेलं तिसरं देणं अगदी लहान आहे. ते दोन महिन्यांत संपेल. ते आधी संपव आणि त्याचा हप्ता सुटला की त्याच दिवशी तेवढी रक्कम मोठ्या हप्त्याला जोड. महिनाभर जरी ती मोकळी राहिली, तरी तिच्यावर घरातला दुसरा कुठला तरी खर्च हक्क सांगतो.

मधल्या पल्ल्याविषयी आणखी एक गोष्ट आठवते. रॅन किव्हेट्झ हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दर कॉफीला कार्डावर एक शिक्का, कार्ड भरलं की एक कॉफी फुकट. काही ग्राहकांना दहा शिक्क्यांचं कोरं कार्ड दिलं, काहींना बारा शिक्क्यांचं, पण दोन शिक्के आधीच मारलेलं. दोघांनाही दहाच कॉफ्या घ्यायच्या होत्या. तरी ज्यांच्या कार्डावर आधीच शिक्के होते, त्यांनी कार्ड लवकर भरलं. आपण वाटेला लागलो आहोत हे दिसलं की माणूस भरभर चालतो. तू चार महिन्यांत मुद्दलातलं जे फेडलंस ते कागदावर कुठे आहे? तुझ्या पत्रात त्याचा आकडाही नव्हता. आधी तो लिही. मग उरलेल्या कर्जाचे दहा तुकडे पाड आणि एका वेळी एकाच तुकड्याकडे बघ.

आता रोजचा खर्च. तू दर महिन्याला एक कडक यादी करतोस, बाहेर खाणं बंद, कपडे बंद, मित्रांबरोबर जाणं बंद, आणि तिसऱ्या आठवड्यात ती मोडते. मोडणारच. एवढी वर्षं हिशेब ठेवून मला पटलेलं आहे ते असं की काटकसर आधी मोठ्या आणि ठरलेल्या खर्चांत करावी. घरभाडं, गाडी, फोन, महिन्याला आपोआप कापली जाणारी वर्गणी यांतलं एक जरी कमी केलंस, तरी ते एकदाच ठरवावं लागतं आणि दर महिन्याला फळ देतं. छोट्या खर्चाला दिवसातून दहा वेळा नाही म्हणावं लागतं. संध्याकाळपर्यंत माणूस थकतो आणि अकराव्या वेळी हो म्हणतो.

छोट्या खर्चासाठी आठवड्याची रक्कम ठरव. महिन्याची ठरवू नकोस, महिना फार लांब असतो. पहिल्या दहा दिवसांत आपण श्रीमंत असतो आणि शेवटच्या दहात उसनवारीला निघतो. आठवड्याचं गणित चुकलं तरी सोमवारी नवी सुरुवात करता येते. त्या रकमेतला थोडा भाग फक्त तुझा ठेव, ज्याचा हिशेब कोणालाही द्यायचा नाही, मलासुद्धा नाही. फोनमध्ये साठवून ठेवलेले कार्डाचे नंबर आजच पुसून टाक. उठून पाकीट शोधावं लागलं, आकडे टाइप करावे लागले, की निम्म्या इच्छा तेवढ्यात विरतात.

आणि खर्च लिहिताना त्याच्यापुढे वेळही लिही. मी तीन महिने लिहिली तेव्हा दिसलं की माझा नको तो खर्च जवळजवळ सगळा रात्री नऊनंतरचा आणि ज्या दिवशी कामावर कोणाशी तरी वाजलं त्या दिवसाचा होता. मला त्या वस्तू नको होत्या, कोणाशी तरी बोलायचं होतं. हे कळल्यावर मी त्या वेळी बहिणीला फोन करायला लागले. तुझी वेळ कोणती आणि तिच्यामागे काय आहे, ते तुला तुझ्याच नोंदींत सापडेल.

सगळे जास्तीचे पैसे कर्जात घालू नकोस, एवढं मात्र ऐक. थोडी रक्कम हाताशी राहू दे, निदान महिन्याभराच्या जरुरीच्या खर्चाएवढी, मग ती जमायला वेळ लागला तरी चालेल. ती नसली की पहिल्या दुखण्याला किंवा पहिल्या बिघाडाला कार्ड पुन्हा बाहेर येतं, आणि कष्टाने खाली आणलेला आकडा वर गेलेला पाहून जे मन मोडतं ते सावरणं फार अवघड असतं.

तुला कोणीतरी जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज देऊ करतंय, त्याचा दर १२ टक्के आहे म्हणून तू हरखला आहेस. आधी विचार, तो दर घटत्या शिलकीवर, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच आहे, की फ्लॅट आहे. फ्लॅट असेल, तर तू मुद्दल फेडत गेलास तरी व्याज सुरुवातीच्या पूर्ण रकमेवरच लागत राहतं. एका वर्षाच्या कर्जाला १२ टक्के फ्लॅट म्हणजे खरा दर २१ टक्क्यांहून जास्त होतो. प्रक्रिया शुल्क त्याहून वेगळं. हे सगळं धरूनही स्वस्त पडत असेल तर घे, पण जुनं कार्ड त्याच आठवड्यात बंद कर. ते उघडं राहिलं आणि दोन्हीकडचं देणं झालं, असं मी जवळून पाहिलं आहे.

एखादा महिना पुन्हा घसरेल. तेव्हा "आता बिघडलंच आहे, पुढच्या महिन्यापासून बघू" असं मनात येईल. खरं नुकसान त्या विचाराने होतं, घसरलेल्या रकमेने फार होत नाही. दुप्पट भरून पापक्षालन करायला जाऊ नकोस. ठरलेला पुढचा हप्ता ठरलेल्या तारखेला भर, एवढंच पुरे. पगाराच्या दुसऱ्या दिवशी तो आपोआप जाईल अशी व्यवस्था केलीस तर आणखी बरं. मग त्या दिवशी तुझं मन कसं आहे, यावर काही अवलंबून राहणार नाही.

आणि कधी अशी वेळ आली की भाडं आणि जेवणखाण भागवून हप्ता निघतच नाही, तर तो प्रश्न जिद्दीचा राहत नाही. हप्ता चुकायच्या आधी कर्ज देणाऱ्याला लेखी कळव, मुदत वाढवून मिळेल का ते विचार, कर्जाबाबत सल्ला देणारं विश्वासाचं कोणी असेल तर त्याच्याकडे जा. रात्री झोप येईनाशी झाली तर मला फोन कर, कितीही वाजले असले तरी. एकट्याने पाकिटं खणात टाकत बसू नकोस.

पत्र लांबलं. आता एक काम सांगते. येत्या एक तारखेला मला एकच आकडा पाठव, रोजचं व्याज. सोबत कारणं नकोत, माफी नको. मागच्यापेक्षा वाढलेला असला तरी पाठव. मी दुपारपर्यंत वाट पाहीन आणि नाही आला तर मीच विचारीन, "आता किती?"

तुझी,
ताई