पुण्यात गच्चीवर लावायला गोड आणि रोगाला दाद न देणारा टोमॅटो कोणता?

कोथरूडच्या गच्चीत कुंड्यांमधल्या टोमॅटोची पानं दरवर्षी आकसून जातात, म्हणून गोड आणि रोग न पडणारी जात सांगा, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत: हे दोन्ही गुण भरभरून असलेली एकच जात शोधत बसू नका, दोन लावा. आमटी-भाजीला अर्का रक्षक आणि झाडावरून तोडून तोंडात टाकायला चेरी टोमॅटो.

तुम्ही लिहिलेली लक्षणं बोकड्याची, म्हणजे लीफ कर्ल विषाणूची वाटतात. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि एकदा झाडात शिरला की त्यावर औषध नाही, झाड उपटून टाकावं लागतं. ऑनलाइन मिळणाऱ्या परदेशी बियांच्या पाकिटावर व्ही, एफ, एन अशी अक्षरं असतात, ती जात कशाला प्रतिकार करते ते सांगणारी; त्यावर भुलू नका. व्ही आणि एफ हे बुरशीमुळे होणाऱ्या मर रोगांचे दोन प्रकार, एन म्हणजे सूत्रकृमी, मुळांना लागणारे बारीक जंत. बोकड्याशी त्यांचा काही संबंध नाही.

अर्का रक्षक हा बंगळूरच्या आयआयएचआर या सरकारी फळ-भाजी संशोधन संस्थेचा संकरित वाण. लीफ कर्ल, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा, या तिन्हींना तो प्रतिकार करतो. फळ साधारण 90 ते 100 ग्रॅमचं, घट्ट. अर्का अभेद उशिरा येणाऱ्या करप्यालाही तोंड देतो, त्यामुळे पावसाळ्यात लावणार असाल तर तो बघा. बी संस्थेच्या ऑनलाइन सीड पोर्टलवरून मागवता येतं. संकरित असल्यामुळे या फळांचं बी धरून पुढच्या वर्षी तसंच झाड येत नाही.

आता गोडी. साध्या टोमॅटोचा ब्रिक्स, म्हणजे रसातल्या गोडीचं माप, 4-5 च्या आसपास असतो, चांगला चेरी 8 च्याही वर जातो. केशरी सनगोल्ड मला सगळ्यात आवडतो, पण बोकड्यापुढे त्याचा टिकाव लागत नाही. मोठं फळच हवं असेल तर कच्चेपणी देठाजवळ बाकी फळापेक्षा जास्त हिरवी झाक असणारी जात निवडा. सगळं फळ एकसारखं पिकावं म्हणून ती झाक नसलेली झाडं कित्येक दशकं निवडली गेली आणि त्यात फळातली साखरही घटली, हे 2012 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. बाजारातला लालबुंद टोमॅटो बेचव लागतो, त्यामागचं हे एक कारण. अर्का विकासला अशी झाक हलकीशी असते. तो सरळ वाण आहे, म्हणजे संकरित नाही, त्यामुळे बी घरी धरता येतं.

चेरीला बोकड्यापासून वाचवायचं तर वेळ साधा. गणपतीच्या सुमारास बी टाका, रोपं पांढरी माशी शिरणार नाही इतक्या बारीक जाळीत वाढवा आणि दसऱ्याच्या आसपास कुंडीत लावा. कोवळ्या वयात लागण झाली तर झाड हातचं जातं, म्हणून ही जाळी कुठल्याही फवारणीपेक्षा मोलाची. पुण्याची थंडी टोमॅटोला फार मानवते, पांढरी माशीही तेव्हा कमी असते. मार्चनंतर रात्री तापू लागल्या की फुलं गळतात आणि माशी वाढते, तेव्हा नवीन लागवड नकोच.

कुंडीला किमान सहा तास ऊन हवं. फळं रंगायला लागली की पाणी थोडं कमी करा, पण एकदा कोरडं पाडून मग भरपूर ओतू नका, फळं तडकतात. रंग झाडावरच पूर्ण भरू द्या. बुलबुल तोवर थांबत नाहीत, त्यामुळे घडांना जाळीच्या पिशव्या बांधा.

नर्सरीतून तयार रोप घेणार असाल तर आधी ते हलवून बघा. पांढरे बारीक किडे उडाले, किंवा शेंड्याची पानं वाटीसारखी वळलेली दिसली, तर ते रोप फुकट मिळालं तरी घरी आणू नका.