डीएनए जुळला, मग वाद कशाला?

प्रश्न : क्राइम सिरीयलमध्ये डीएनए मॅच झाला की केस संपली. वीस कोटींत एकाचाच जुळतो म्हणे, म्हणजे आरोपी निर्दोष असायचा चान्सपण वीस कोटींत एकच ना? मग वकील भांडतात कशावर?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही हो, इथंच भलेभले घसरतात. वीस कोटींत एक हा चान्स कसला, तर कुणीही भलताच माणूस धरून आणला तर त्याचा डीएनए योगायोगाने जुळायचा. जुळलेला माणूस निर्दोष असायचा चान्स ही वेगळीच भानगड आहे. वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ असते, म्हणून माळ दिसली की वारकरीच असं थोडंच आहे.

तुमचा आकडा वाचून इंग्लंडमधली ॲडम्सची केस आठवली. १९९१ चा बलात्कार, हेमेल हेम्पस्टेड गावातला. आरोपी ॲडम्स, त्याचा डीएनए जुळला आणि सरकारी पक्षाचा आकडा हाच, वीस कोटींत एक. डीएनए सोडला तर पुरावा शून्य, उलट ओळख परेडमध्ये त्या बाईने याला ओळखलंच नाही, हल्लेखोर विशीतला होता म्हणाली आणि हा ३७ चा, वर मैत्रीण सांगते की रात्री हा माझ्याकडेच होता.

आता कागद-पेन घ्या. समजा आसपास संशय घेण्यासारखे पुरुष दोन लाख, हा त्यातला एक. डीएनएमुळे पारडं वीस कोटी पटीने जड होतं, म्हणजे वीस कोटी भागिले दोन लाख, दोषी असण्याच्या बाजूने हजार तर निर्दोष असण्याच्या बाजूने एक. पण खरा गुन्हेगार असता तर बाईने न ओळखायचा चान्स १० टक्के आणि नसता तर ९० टक्के धरा, म्हणजे हजाराला नवाने भागा. मैत्रिणीच्या साक्षीने अजून निम्मं करा. उरले पंचावन्नास एक. तरी भरपूर वाटतं ना? पण बचाव पक्षाचं म्हणणं होतं की वीस कोटी कसले, आकडा दोन कोटी, अगदी वीस लाखसुद्धा असू शकतो, आणि वीस लाख घालून बघा, निर्दोष असायचाच चान्स जास्त निघतो!

हे गणित ऑक्सफर्डचे संख्याशास्त्रज्ञ पीटर डॉनेली यांनी ज्युरीला, म्हणजे तिथं निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांना, कोर्टात समजावलं. नवा पुरावा आला की आधीचा अंदाज असा बदलायचा, बेझचं प्रमेय म्हणतात त्याला. तरी शिक्षा झाली, १९९६ ला अपिलात ती रद्द होऊन खटला पुन्हा चालला, पुन्हा दोषी, आणि १९९७ ला दुसरं अपील फेटाळताना कोर्टाने ज्युरीपुढे असली प्रमेयं आणूच नका असं सुनावलं. मला काही हे पटत नाही, ज्युरीला वीस कोटींचा आकडा ऐकवायचा आणि तो वापरायचा कसा ते मात्र सांगायचं नाही, हे कसं चालेल?

आणि हो, या आरोपीला एक सावत्र भाऊ होता, त्याची टेस्ट झालीच नाही. वीस कोटींत एक हा हिशोब परक्या माणसाचा असतो, भावाभावांत जुळायचा चान्स त्याहून कितीतरी जास्त.